नाक्यावरचा शिपाई कोठे गेला?

शहरात एखादा भीषण गुन्हा घडला म्हणजे पोलिसांचा प्रश्न वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतो, विधिमंडळात दोन दिवस खडाजंगी होते, एखाद्या अधिकाऱ्याची तडकाफडकी बदली होते, आणि आठवडा उलटण्याच्या आत तो प्रश्न प्रथम आतल्या पानावर व तेथून विस्मृतीत जातो. आज आम्ही हा विषय पहिल्या पानावर घेत आहोत तो अशा कोणत्याही गुन्ह्याच्या निमित्ताने नव्हे. किंबहुना, निमित्तावाचून या विषयाचा विचारच होत नाही, हीच आमची तक्रार आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी सवय शहराच्या सुरक्षिततेच्या बाबतीत फार महाग पडत आहे. आणि ज्या दिवसांत सरकारी तिजोरीत खडखडाट असतो त्या दिवसांत तर ती अधिकच महाग पडते.

मुंबईच्या नाक्यानाक्यावर एके काळी निळ्या गणवेशाचा आणि पिवळ्या टोपीचा शिपाई उभा असे. त्याच्या हातात दांड्याखेरीज काही नसे. त्याची शहराने पुष्कळ थट्टा केली; १९७५ साली निघालेल्या ‘पांडू हवालदार’ या चित्रपटाने तर ती थट्टा घरोघर नेली. पण थट्टा होते ती ओळखीच्या माणसाचीच. कोणत्या चाळीत कोणाचा मुलगा वाया जात आहे, कोणत्या गुत्त्यावर रात्री गर्दी होते, कोणत्या घरातून बाईच्या रडण्याचा आवाज येतो, हे त्या शिपायाला ठाऊक असे. आणि त्याला ते ठाऊक आहे हे साऱ्या आळीला ठाऊक असे. गुन्हा घडण्यापूर्वीच तो टळावा यासाठी पोलीस खात्यापाशी याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक साधन आजवर दुसरे निघालेले नाही. आज तो शिपाई नाक्यावर दिसत नाही. बीट चौक्या आहेत, पण त्यांतील कित्येकींच्या दाराला संध्याकाळी कुलूप दिसते. शिपाई कोठे गेला, असे विचारले तर उत्तर एकच मिळते: बंदोबस्ताला.

हे का झाले, याचा उलगडा आधी पैशाच्या अंगाने केला पाहिजे. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे ४५ हजार ९०० कोटी रुपयांची दाखविण्यात आली आणि कर्जाचा एकूण बोजा नऊ लाख कोटींच्या पलीकडे गेला. अशा स्थितीत प्रत्येक खात्याने हात आखडता घ्यावा असे वित्त विभाग म्हणाला, तर त्यात नवल नाही. आपल्या देशातील राज्ये एकूण खर्चातील चार टक्क्यांच्या आसपास रक्कम पोलिसांवर खर्च करतात, आणि तिचा फार मोठा भाग वेतनात जातो. म्हणजे काटकसर करावयाची तर मार्ग दोनच उरतात: एक तर माणसे कमी ठेवावयाची, किंवा माणसांच्या हाती जी साधने द्यावयाची ती कमी द्यावयाची. आपण दोन्ही मार्ग एकाच वेळी चोखाळले आहेत.

माणसे कमी ठेवण्याची युक्ती मोठी सोयीची आहे. मंजूर पद रद्द करावे लागत नाही; ते नुसते रिकामे ठेवले की झाले. कोणी सभागृहात प्रश्न विचारला तर मंजूर संख्येचा आकडा वाचून दाखविता येतो, आणि वेतन मात्र वाचते. २०२० च्या आरंभी देशात दर लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस सुमारे १९५ आणि प्रत्यक्षात कामावर सुमारे १५६, अशी पोलीस संशोधन व विकास ब्यूरोची नोंद होती. प्रत्येक पाच खुर्च्यांपैकी एक रिकामी, असा याचा सरळ अर्थ होतो. उमेदवार मिळत नाहीत म्हणून हे घडते, असेही कोणी म्हणू शकणार नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात साडेसतरा हजारांच्या जवळपास जागांसाठी भरती निघाली, तेव्हा सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. तरुण रांगेत उभे आहेत. पण दार वर्षानुवर्षे बंद ठेवावयाचे आणि मग एकदम उघडावयाचे, अशी आपली रीत आहे.

मंत्रालयात जी बचत दिसते तीच पोलीस ठाण्यात खर्च होऊन उगवते. फरक इतकाच की, तो खर्च रुपयांत मोजला जात नाही. तो माणसाच्या हाडांत मोजला जातो. २०१९ साली ‘कॉमन कॉज’ आणि लोकनीती या संस्थांनी देशभरातील पोलिसांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत पोलीस कर्मचारी सरासरी चौदा तास काम करतात असे आढळले. चौदा तासांची पाळी, त्याच्या दोन्ही टोकांना कल्याण-बदलापूरच्या पलीकडून लोकलचा प्रवास, आणि घरी पोहोचताच पुन्हा बोलावणे, अशा जीवनक्रमातून सौजन्य, संयम आणि चौकस बुद्धी यांची अपेक्षा करणे म्हणजे आडात नसलेले पाणी पोहऱ्यात शोधणे होय. थकलेला माणूस तक्रार लिहून घेण्याचे टाळतो. थकलेला माणूस चटकन हात उगारतो. पोलिसांच्या उद्धटपणाबद्दल आणि कोठडीतील मारहाणीबद्दल जे रास्त संतापतात त्यांनी हा दुवाही ध्यानात घेतला पाहिजे. आम्ही त्या दुष्कृत्यांचे समर्थन करीत नाही. त्यांना क्षमा नाही. पण रोगाचे एक मूळ दिसत असता केवळ पुरळावर लेप लावीत बसणे शहाणपणाचे नव्हे.

यावर उपाय सुचला होता, आणि तो कोणा मोठ्या समितीला नव्हे, तर मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातील एका साध्या कर्मचाऱ्याला सुचला होता. आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांच्या तीन पाळ्या कशा बसविता येतील याचा आराखडा त्याने मांडला, तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो ऐकून घेतला आणि मे २०१६ मध्ये देवनारला त्याचा प्रयोग सुरू केला. पुढे तो मुंबईतील इतर ठाण्यांत पसरला. कोविडच्या साथीत आणि त्यानंतरच्या तुटवड्यात तो जसाच्या तसा टिकला नाही, ही दुःखाची गोष्ट आहे. परंतु तुटपुंज्या साधनांतही अकलेने मार्ग निघू शकतो, हे त्या प्रयोगाने एकदा सिद्ध केले आहे; आणि ती अक्कल खालच्या पायरीवरही असते, हेही.

त्याऐवजी सरकारने काय केले? मुंबईतील शिपायांची सुमारे दहा हजार पदे रिकामी असता, जुलै २०२३ मध्ये राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान अकरा महिन्यांच्या कराराने घेण्याचा निर्णय झाला. हे जवान खाजगी ठेकेदाराचे नसून सरकारच्याच महामंडळाचे आहेत आणि नवी भरती पूर्ण होईपर्यंतचीच ही तात्पुरती सोय आहे, असा खुलासा तेव्हा करण्यात आला. तो खुलासा आम्ही खरा धरून चालतो. तरीही आमचा आक्षेप उरतोच. पोलीस शिपाई म्हणजे केवळ गणवेश घालून दारात उभा राहणारा माणूस नव्हे. त्याला अटकेचा अधिकार आहे, म्हणून त्याच्यावर शिस्तीचा अंकुश आहे. त्याला त्याच वस्तीत उद्याही तोंड दाखवावयाचे आहे, म्हणून त्याच्या वागण्यावर लोकलज्जेचाही अंकुश आहे. अकरा महिन्यांच्या करारात यांपैकी काहीच मावत नाही. तात्पुरत्या म्हणून केलेल्या सोयी आपल्याकडे किती काळ टिकतात, हे जाणत्या वाचकांना सांगावयास नको.

दुसरा उपाय म्हणून कॅमेऱ्यांकडे बोट दाखविले जाते. २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्यानंतर मुंबईत कॅमेऱ्यांचे जाळे उभारावयाचे ठरले. निविदांच्या घोळातून वाट काढीत ते पुरे व्हावयास २०१६ साल उजाडले. सुमारे ४,७०० कॅमेरे आणि साडेनऊशे कोटींच्या आसपास खर्च, असा तो व्यवहार होता. कॅमेऱ्याचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. पळालेली मोटार शोधण्यास, आरोपीची ओळख पटविण्यास आणि खोट्या आरोपातून निरपराध्याला सोडविण्यासही त्याचा उपयोग झाला आहे व होईल. परंतु कॅमेरा पाहतो तो घडून गेलेले पाहतो. तो दोन शेजाऱ्यांचे भांडण सोडवीत नाही, घाबरलेल्या मुलीला धीर देत नाही, आणि त्याच्या पडद्यासमोर बसून पाहावयासही अखेर माणूसच लागतो. ज्या रात्रीने हे कॅमेरे आणले त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे हाती लाठी घेऊन बंदुकीच्या नळीला सामोरे गेले होते. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. त्या गौरवाचा खरा अर्थ इतकाच की, अखेरच्या क्षणी शहराचे रक्षण माणूस करतो. आणि त्या माणसाच्या हाती केवळ लाठी असावी, ही आपल्या सर्वांची शरम आहे.

साधनांची ही टंचाई रोजच्या तपासातही दिसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जावे, अशा स्वागतार्ह तरतुदी तीत आहेत. कायदा चांगला आहे. पण चांगल्या कायद्याला पैसे लागतात. मुद्रणाचे यंत्र, ते जपून ठेवण्याची सोय, तज्ज्ञ, वाहन आणि इंधन यांची तरतूद नसेल तर तपास अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातील फोनवर चित्रण करावयाचे, स्वतःच्या खर्चाने कागद छापावयाचे आणि फिर्यादीच्याच मोटारीतून घटनास्थळी जावयाचे, असा प्रकार होणार. जो अधिकारी सरकारी कामासाठी खिशात हात घालतो, तो उद्या दुसऱ्याच्या खिशाकडे पाहू लागला तर दोष केवळ त्याचा म्हणता येईल काय? शिक्षणाचीही तीच कथा. पोलिसांवरील खर्चापैकी त्यांच्या प्रशिक्षणावर आपल्या देशात दीड टक्काही खर्च होत नाही.

मग पैसे आणावयाचे कोठून? हा प्रश्न टाळण्याची आमची इच्छा नाही. सरकारने प्रथम स्वतःच्या घरातील गळती बंद करावी. जून २०२३ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे दर सरकारने कमी केले आणि ती सवलत २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने दिली. या निर्णयाविरुद्ध जनहित याचिका झाली, आणि २०२४ साली उच्च न्यायालयाने या औदार्याचे कारण विचारले. जो खेळ देशात सर्वांत श्रीमंत आहे त्याला सवलत, आणि ज्या वस्तीत दिवाबत्तीही धड नाही तिच्या चौकीला कुलूप, हा हिशेब कोणत्या अर्थशास्त्रात बसतो? ज्या सोहळ्यातून पैसा मिळविला जातो त्याच्या बंदोबस्ताचा पुरा खर्च त्या सोहळ्याने दिला पाहिजे. तीच गोष्ट पुढाऱ्यांच्या मागेपुढे धावणाऱ्या अंगरक्षकांची. ज्यांच्या जिवाला खरोखर धोका आहे त्यांना संरक्षण द्यावे. पण प्रतिष्ठेसाठी बंदूकधारी मागणाऱ्यांना ते देण्याइतके आपले राज्य श्रीमंत नाही. आणि समन्स पोहोचविण्यासारखी जी कामे नव्या कायद्यानुसार विद्युत् मार्गाने होऊ शकतात, त्यांतून शिपायांना मोकळे करावे. यांतील कोणत्याही गोष्टीसाठी नवा कर बसवावा लागत नाही.

तथापि केवळ पैशाने वा माणसांच्या संख्येने सुरक्षितता येते, असा समज आम्ही करून देऊ इच्छित नाही. आमच्या शेजारच्याच भिवंडीचा दाखला याबाबतीत मनन करण्यासारखा आहे. यंत्रमागांच्या या गावाने १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली भयंकर दंगली पाहिल्या. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तेथे उपायुक्त म्हणून आले. त्यांनी जादा तुकड्या मागितल्या नाहीत. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या स्थापन केल्या. त्यांत पुढारी न घेता दोन्ही समाजांतील साधी माणसे घेतली, प्रत्येक समितीला ठाण्यातील ठरावीक पोलीस जोडून दिले, आणि नळावरच्या भांडणापासून भाड्याच्या तंट्यापर्यंतचे अदखलपात्र प्रकार एकत्र बसून मिटविण्याची सवय लावली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असता, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे येथे नऊशे माणसे प्राणास मुकली असता, भिवंडी शांत राहिली. त्या शांततेसाठी लागलेला खर्च म्हणजे काही सतरंज्या, चहा आणि पोलिसांचा वेळ. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

परंतु भिवंडीच्या कथेचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. जुलै २००६ मध्ये त्याच गावात, कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तंटा पेटला. पोलिसांच्या गोळीबारात नागरिक मेले आणि जमावाच्या हातून दोन शिपायांची हत्या झाली. त्या अनर्थाचा सारा ठपका एकाच कारणावर ठेवण्याचा आमचा हेतू नाही. इतकेच दिसते की, विश्वास ही एकदा बांधून विसरून जाण्याची इमारत नव्हे. तिची डागडुजी दर पावसाळ्यापूर्वी करावी लागते. अधिकारी बदलला, समितीची बैठक एकदा चुकली, मग दोनदा चुकली, की भिंतीत ओल शिरू लागते.

कोणी म्हणेल, नागरिकांच्या समित्या म्हणजे उद्या दांडगटांच्या टोळ्या होतील, किंवा स्थानिक पुढाऱ्याचा दरबार भरेल. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच अशा समितीला न्यायनिवाड्याचा वा शिक्षेचा अधिकार असता कामा नये. दखलपात्र गुन्हा, विशेषतः स्त्रीवरील अत्याचार, तेथे ‘मिटविला’ जाता कामा नये. आणि कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद मागावयाची कोठे, याचेही उत्तर तयार हवे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्यास आणि मोठ्या शहरांत तपास व बंदोबस्त यांची माणसे वेगळी करण्यास सांगितले. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली. पण ज्या प्राधिकरणाचा पत्ता सामान्य नागरिकाला ठाऊक नाही ते कागदावरचेच प्राधिकरण होय.

आता आमच्या वाचकांना, म्हणजे आपल्यासारख्याच सुशिक्षित मध्यमवर्गाला, दोन शब्द सांगितल्यावाचून आम्हांस हा लेख पुरा करता येत नाही. नाक्यावरचा शिपाई नाहीसा झाला तेव्हा आपण आरडाओरडा केला नाही, कारण आपण आपल्या सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी नेमला. त्याला बारा तास उभे करतो, रात्री तो डुलकी घेताना दिसला तर रागावतो, आणि दरमहा देखभालीच्या वर्गणीत त्याचे पैसे देऊन निश्चिंत होतो. पण त्या पहारेकऱ्याची स्वतःची वस्ती फाटकाबाहेर आहे. त्याची मुलगी शिकवणीहून ज्या अंधाऱ्या गल्लीतून परतते तेथे फाटक नाही, कॅमेरा नाही आणि शिपाईही नाही. सुरक्षितता ही ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे विकत घ्यावयाची वस्तू झाली की शहर शहर राहत नाही. तो कुंपणांचा समूह होतो. शिवाय, आपली मुलेही फाटकाबाहेर पडतातच.

म्हणून आमची मागणी माफक आणि स्पष्ट आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दारावर मंजूर पदे, भरलेली पदे आणि त्या दिवशी बंदोबस्ताला गेलेली माणसे यांचा फलक लागावा. भरती दर वर्षी ठरावीक महिन्यात व्हावी. ठाण्याच्या मनुष्यबळातील एक ठरावीक हिस्सा गस्तीसाठी राखून ठेवावा आणि मोठे संकट असल्याखेरीज त्याला हात लावू नये. बीटवरील शिपाई किमान तीन वर्षे त्याच बीटवर राहावा आणि त्याची पाळी आठ तासांची असावी. तपासाचा किरकोळ खर्च आगाऊ रकमेतून ठाण्यालाच मिळावा. वस्ती समितीची बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, बीट चौकीतच भरावी. या सर्वांसाठी लागणारी रक्कम एका मोठ्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे फार नव्हे.

आणि वाचकांनी एवढे करावे. आपल्या भागाची बीट चौकी कोठे आहे, हे शोधून काढावे, आणि एखाद्या संध्याकाळी, काहीही घडलेले नसताना, तेथे जाऊन यावे. दार उघडे असेल तर आतल्या माणसाची ओळख करून घ्यावी. दाराला कुलूप असेल तर ते का आहे, हे आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला लेखी विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा विचारावे.